जळक्या तारा वाचणारी रतनबाई

श्रीरामपुरात नेवासा रस्त्याला माझं सायकलींचं दुकान होतं आणि माझ्या भिंतीला भिंत लावून राधाकृष्ण मिस्त्रीचं मोटार रिवाइंडिंगचं. पाटी त्याच्या नावाची, पण गिऱ्हाईक यायचं ते त्याच्या बायकोकडे. विहिरीवरची मोटार जळली की लोक ती बैलगाडीत घालून आणायचे, खाली उतरवायचे आणि पहिलं विचारायचे, "रतनबाई हायत का?"

रतनबाई मूळची तिसगावची. तिचा बाप घायपाताचे दोर वळायचा आणि पोरगी सातव्या-आठव्या वर्षापासून त्याच्यासमोर बसून पीळ धरायची. लग्न होऊन ती श्रीरामपूरला आली तेव्हा मिस्त्रीचं काम जोरात होतं. एकदा मोटारीचं झाकण बसवताना त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं चेंबली. कॉइल गुंडाळायला हात चालेना. रतनबाईनं घरचा स्वयंपाक उरकला, दुकानात आली, तार गुंडाळायच्या लाकडी फर्म्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "तुमी सांगा, मी गुंडाळते." तीन महिन्यांनी मिस्त्रीची बोटं बरी झाली, पण तोवर फर्मा तिचा झाला होता. मिस्त्री मोटारी उघडायचा, जळकी तार तोडून काढायचा, वार्निश लावायचा. तार भरायची रतनबाईनं. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता ती फेरे मोजायची आणि तिचा एक फेरा कधी चुकलेला मी पाहिला नाही.

दुकानात शिरलं की वर पत्र्याखाली खुंट्यांच्या रांगा दिसायच्या आणि प्रत्येक खुंटीला जळक्या तारांच्या तीन-तीन कॉइलींचा एक झुपका. त्याचं कारण रंगनाथ नावाचा एक भांडखोर शेतकरी. त्याची मोटार भरून दिली ती पंधरा दिवसांत पुन्हा जळाली आणि त्यानं भर रस्त्यात ओरडा केला की बाईनं कच्ची तार भरली. रतनबाईनं मोटार उघडायला लावली, आतल्या कॉइली बाहेर काढून त्याच्यापुढे धरल्या. "बघ रंगनाथ. तीन फेजच्या तीन कॉइली. ह्या दोन कोळसा झाल्यात आन ही तिसरी कोरी करकरीत हाय. माझी तार कच्ची असती तर तिन्हीकडं कच्ची असती. तुझ्या तारेतनं एक फेज गेल्ता आन तू मोटार तशीच गुरगुरत ठिवली." विहिरीवरच्या मोटारीला वीज तीन तारांनी, म्हणजे तीन फेजनी येते; त्यातला एक गेला की मोटार नुसती गुरगुरते आणि उरलेल्या दोन फेजच्या कॉइली जळतात. त्या दिवसापासून तिनं नेम केला: मोटार कुठलीही असो, तिच्या प्रत्येक फेजची एक जुनी कॉइल राखून ठेवायची आणि त्या झुपक्याला गावाची, महिन्याची चिठ्ठी बांधायची. चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मिस्त्रीचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नसे.

हे असं तीन वर्षं चाललं. बाहत्तर साली पाऊस गेला, पाटाला पाणी सुटेना, आणि ज्याच्या विहिरीत हातभर पाणी होतं तो मोटार दिवसरात्र ताणायला लागला. मोटारी जळायचं प्रमाण दुप्पट झालं. त्याच साली दिवाळीनंतर एक जीप येऊन आमच्या दारात उभी राहिली.

जीपमधून एक बाई उतरली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. तिचं नाव विजयमाला निमसे. माहेर संगमनेरचं, पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात वीज विषय शिकवायची आणि सोबत संशोधन करत होती. ग्रामीण भागातल्या विजेच्या लाईनींचा तिचा अभ्यास होता. खेड्यापाड्यातल्या मोटारी एवढ्या का जळतात, ते तिला कॉम्प्युटरवर हिशेब मांडून शोधायचं होतं. लाईन किती लांब, तार किती जाड, कुठे किती मोटारी, हे सगळं कॉम्प्युटरला दिलं की प्रत्येक गावात किती व्होल्टेज पोचत असेल ते तो सांगायचा.

"तेवढं झालंय माझं," ती म्हणाली. "पण खरोखर मोटारी कशानं जळाल्या ते कुणी सांगत नाही. चारशे शेतकऱ्यांना छापील फॉर्म पाठवले. साठ परत आले. कारण काय, या रकान्यात चाळीस जणांनी 'नशीब' लिहिलंय."

रतनबाई हसली नाही. फर्मा फिरवायचा थांबवून तिनं वर बोट केलं. "मास्तरीणबाई, वर बघा. मानसं नशीब म्हनतील. तार खोटं बोलत न्हाई."

विजयमाला स्टुलावर चढली. एक झुपका खाली काढला, मग दुसरा, मग दहावा. रतनबाई प्रत्येकाला नुसता हात लावून सांगत गेली. ही एक फेज गेल्यानं जळाली. ही लाईट कमी असताना रेटल्यानं, तिन्ही कॉइली सारख्या भाजल्यात. हिच्यात पाणी शिरलं, एकाच जागी भोक पडलंय. ही विजेची, आभाळातल्या. विजयमालाच्या साडीला काळं लागलं होतं, त्याकडे तिचं लक्ष नव्हतं.

"एकूण किती आहेत?"

"दोनशे बारा मोटारी," मी म्हणालो. चिठ्ठ्या माझ्याच होत्या.

"रतनबाई, मी माझ्या फॉर्मवर दोन वर्षं घालवली," विजयमाला म्हणाली, "आणि माझं उत्तर इथं खुंट्यांना टांगलंय."

विजयमालानं दोनशे बाराही उत्तरं वहीत उतरवून घेतली. तिचं मत तयार झालं, पण तिचे पुण्यातले मार्गदर्शक सर तयार होईनात. जळक्या तारेवरून कारण सांगणं म्हणजे हात बघून भविष्य सांगण्यासारखं, असं त्यांनी तिला सुनावलं. मग त्यांनीच तोडगा काढला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुद्दाम मोटारी जाळायच्या, त्यांच्या कॉइली बाईपुढे ठेवायच्या. ओळखल्या तर तिची दोनशे बारा उत्तरं प्रबंधात घ्यायची. विजयमालानं पत्रात हे सगळं स्पष्ट लिहिलं आणि शेवटी लिहिलं, 'तुम्हाला परीक्षेला बसवणं मला बरं वाटत नाही. नको वाटलं तर तसं कळवा.'

पत्र मी वाचून दाखवलं. रतनबाई म्हणाली, "बरं न वाटायला काय झालं? गिऱ्हाईक रोजच परीक्षा घेतं. त्यांना लिवा, येतो म्हनून."

जानेवारीत एका रात्री मिस्त्री, रतनबाई आणि मी निघालो, दौंडला गाडी बदलली आणि सकाळी पुण्याला पोचलो. प्रयोगशाळेत लांब टेबल होतं, त्यावर तीन ताटांत तीन मोटारींच्या कॉइली. सर टेबलाच्या त्या बाजूला उभे होते, पांढरे केस, चष्मा गळ्यात दोरीला. भिंतीला टेकून पंधरा-वीस विद्यार्थी.

रतनबाईनं पदर खोचला आणि पहिल्या ताटातल्या कॉइली उचलल्या. पाव मिनिटही लागलं नाही. "हिचा एक फेज गेल्ता."

सरांनी कागदावर काही लिहिलं. चेहरा तसाच.

दुसऱ्या ताटाशी ती जरा थांबली. नखानं तारेवरचं वार्निश खरवडलं, वास घेतला. "ही तिन्ही अंगानं सारखी भाजलीय. लई येळ लागलाय हिला. लाईट कमी असंल, न्हाईतर मोटारीवर ओझं जास्त असंल."

"दोन्हींपैकी कुठलं?" सरांनी विचारलं.

"ते तारेवरनं कळत न्हाई. जो सांगंल तो थापा मारतो."

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. 

तिसऱ्या ताटातल्या कॉइली पहिल्यांसारख्याच दिसत होत्या: दोन काळ्या, एक कोरी. मला वाटलं, हिचं उत्तर तर मीही देईन. रतनबाईनं मात्र काळी कॉइल हातात धरून तिची बांधलेली दोरी सोडली, तार पसरवली आणि आतला एकेक फेरा बोटानं वेगळा केला. मग तिनं ती सरांसमोर ठेवली.

"साहेब, ही मोटारीत जळालेली न्हाई. ही बाहेरून जाळलीय. मोटारीत आग आतनं लागती. मधली तार आधी करपती आन मग वरली. हिची वरली तार कोळसा हाय आन मधली अजून लाल झळकती. कुनी चुलीवर धरली का काय?"

मग सर मोठ्यानं हसले, अगदी पोट धरून. "चुलीवर नाही बाई. ब्लो-लॅम्पच्या ज्वाळेनं. काल संध्याकाळी मी स्वतः भाजली." विद्यार्थ्यांकडे वळून ते म्हणाले, "तुमच्यापैकी कुणी हे सांगितलं असतं का? मी तरी सांगितलं असतं का?" आणि विजयमालाला म्हणाले, "निमसे, बाईंची सगळी उत्तरं घ्या. एकही वगळू नका."

दुपारी विजयमालानं आम्हाला कॉम्प्युटर दाखवायला नेलं. तो कॉलेजात नव्हता, दुसऱ्या एका संस्थेत होता आणि तिला आठवड्यातून दोनदा वेळ मिळायची. थंडगार खोली, कपाटाएवढी यंत्रं, आणि एका टेबलावर पोस्टकार्डाहून लांबट कार्डांचे गठ्ठे. प्रत्येक कार्डाला बारीक भोकं पाडलेली. एक कार्ड म्हणजे एक मोटार, असं विजयमालानं सांगितलं. कुठलं गाव, कुठला महिना, कशानं जळाली, ते सगळं त्या भोकांत.

रतनबाईनं एक कार्ड उजेडाकडे धरून पाहिलं. "ह्याच्यात चुकीचं भोक पडलं तर ह्याला कळतं का?"

"नाही. चुकीचं घातलं तर तो चुकीचंच काढून देतो, तेही अगदी झटपट."

"मंग मानूस हुशार पायजे जवळ," रतनबाई म्हणाली आणि कार्ड गठ्ठ्यात होतं तिथंच परत ठेवलं.

मार्चमध्ये विजयमाला आली ती लांबच लांब घडीचा कागद घेऊन. कॉम्प्युटरचा निकाल. तिनं तो दुकानाच्या ओट्यावर उलगडला, पार माझ्या दुकानापर्यंत गेला. तिचा चेहरा उतरलेला होता. बहुतेक सगळ्या गावांचा हिशेब नीट लागत होता. लांबच्या टोकाच्या गावांत व्होल्टेज कमी, तिथं मोटारी सारख्या भाजलेल्या. जवळच्या गावांत तसं नाही. सगळं शहाण्यासारखं. फक्त उंबरवाडी नावाच्या गावाचं काही जमेना. तिथल्या एकतीस मोटारी जळाल्या होत्या, दुसऱ्या कुठल्याही गावाहून जास्त, आणि जवळजवळ निम्म्या एक फेज गेल्यानं. "एक फेज वारंवार जातो, म्हणजे लाईनीत कुठंतरी बिघाड असणार," ती म्हणाली. "पण गावच्या निम्म्या मोटारींनाच तो कसा लागतो? एकाच तारेवर आहेत सगळे."

रतनबाईनं विचारलं, "कंची उंबरवाडी?"

"म्हणजे?"

"अलीकडली का पलीकडली? बुद्रुक का खुर्द? मधी नदी हाय."

विजयमालानं कार्डं काढली. त्यांवर नुसतं उंबरवाडी. मग तिनं वर खुंटीकडे पाहिलं, चिठ्ठ्या पाहिल्या. चिठ्ठ्यांवर नुसतं उंबरवाडी. अक्षर माझं. मी तीन वर्षं घाईघाईत तेवढंच लिहीत आलो होतो, कारण मला त्या दोन गावांत फरक कधी वाटलाच नव्हता. पुण्याच्या थंड खोलीतल्या यंत्राला मी भर श्रीरामपुरातून चकवलं होतं. मला कुठं बघावं कळेना.

"छगनभाऊ, तोंड पाडू नका," रतनबाई म्हणाली. "उतरवा ते समदे झुपके. मी सांगते."

तिनं एकतीस झुपके समोर मांडून घेतले. मग एकेक उचलून ती दोन ढीग करायला लागली. "ही पुंजारामची, साडेसात हॉर्सपॉवरची. हिला आधी कुनी दुसऱ्यानं भरली हुती, त्याची गाठ वेगळी. पुंजाराम खुर्दचा. ही कडूबाईच्या दिराची, पाचची, बुद्रुक. ही बारीक तारेची, असली मोटार एकाच्याच मळ्यात हाय, खुर्द." मिस्त्री मधूनमधून मान हलवायचा, एकदा काही बोलायला गेला तर तिनं हातानं थांबवलं. तासाभरात दोन ढीग झाले, आणि दोन झुपके मध्येच उरले.

"ह्या दोन मला आठवत न्हाईत," ती म्हणाली. "ह्या सोडून द्या. अंदाजानं कुठंबी टाकू नका."

विजयमाला म्हणाली, "रतनबाई, मी गावात जाऊन विचारून आले तर चालेल ना? तुमच्यावर विश्वास नाही असं नाही."

"जा की. म्या काय देव हाय? विचारून घ्या."

विजयमाला दुसऱ्या दिवशी जीप घेऊन गेली, मलाही पापक्षालनाला सोबत नेलं. दोन दिवस आम्ही मळ्यामळ्यानं फिरलो. दुष्काळानं नदीचं पात्र कोरडं पडलं होतं, जीप सरळ त्यातूनच पलीकडे गेली. एकोणतीस मालकांपैकी एकोणतीस जिथं रतनबाईनं सांगितलं तिथंच सापडले.

नव्यानं कार्डं झाली. या वेळी निकालाचा कागद पाहिला तर माझ्यासारख्या सायकलवाल्यालाही कळत होता. बुद्रुकच्या तेरा मोटारींपैकी एक फेज गेल्यानं जळालेल्या फक्त दोन. खुर्दच्या सोळापैकी तेरा. आणि कॉम्प्युटर म्हणत होता की दोन्ही गावांत व्होल्टेज जवळजवळ सारखंच पोचायला हवं.

"म्हणजे बिघाड मोठ्या लाईनीत नाही," विजयमाला ओट्यावर उभी राहून सांगत होती, तिला बसवत नव्हतं. "खुर्दकडे वळणाऱ्या तारांच्या फाट्याला आहे. फाटा फुटतो त्या खांबापासून गावापर्यंतच्या तीन-चार खांबांत. बाकी कुठंच असू शकत नाही."

बन्सी नावाचा वायरमन त्या भागाचं काम बघायचा. साधा, कामसू माणूस. त्याला रतनबाई आणि विजयमाला दोघींनी मिळून गाठलं. तो म्हणाला, "बाई, त्या खांबावर मी धा बारी चढलोय. तिन्ही तारा जागच्या जागी हायत."

"दुपारी चढला हुता का सकाळी?" रतनबाईनं विचारलं.

"सकाळीच चढतो. लाईट बंद करून, गारव्याला."

"मंग एक डाव मोटारी चालू असताना ऊन तापल्यावर लाईट बंद कर आन लगोलग चढ. हात लावून बघ कंचा सांधा गरम हाय."

पुढच्या मंगळवारी दुपारी बन्सीनं ते केलं. फाट्याच्या खांबावर मधल्या तारेचा सांधा त्याला हातात धरवेना. वरून घट्ट दिसायचा, पण आत पोकळ झाला होता. मोटारींचा भार आला की तापायचा, ढिला व्हायचा आणि तो फेज जायचा. भार उतरला, गार झाला की पुन्हा धरायचा. सकाळी चढणाऱ्याला तो कधी दिसणारच नव्हता. बन्सी खाली उतरून तडक दुकानात आला, कपाळाचा घाम पुसला आणि रतनबाईला म्हणाला, "वहिनी, खांब तुमी बघितला न्हाई, तार तुमी बघितली न्हाई. कळलं कसं?"

"तुज्या तारेनं जाळलेल्या मोटारीचं पोट माझ्याकडंच येतं रं," ती म्हणाली.

सांधा नवा झाला. त्यानंतरच्या आठ महिन्यांत खुर्दची एकच मोटार आमच्याकडे आली, तीही पाणी शिरून. मिस्त्री चेष्टेनं म्हणायचा की बायकोनं एक अख्खं गाव गिऱ्हाइकीतून घालवलं. पण ते सांगताना तो आवाज चढवायचा, रस्त्यावरच्याला ऐकू जाईल एवढा.

विजयमाला पुढचा टप्पा घेऊन बसली होती. एक फेज गेला की मोटार आपोआप बंद करणारं एक छोटं उपकरण तिनं कॉलेजात बनवलं. लाकडी पेटी, आत लोखंडी पट्टी आणि दोन कॉइली; फेज गेला की कॉइलींनी पट्टी उचलायची आणि मोटारीची वीज तोडायची. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात ते घेऊन ती दुकानात आली. चाचणीची मोटार सुरू केली आणि मिस्त्रीनं एका फेजचा फ्यूज उपटला. मोटार गुरगुरायला लागली. एक, दोन, तीन, चार, पाच. मग पेटीत खट् झालं आणि मोटार थांबली.

विजयमालानं टाळी वाजवली. रतनबाईनं मोटारीच्या पाठीवर तळहात ठेवला.

"उशीर हुतो," ती म्हणाली. "पाच मोजंपर्यंत ही तापली. पंधरा-वीस डाव असं झालं की हिची तार करपायला लागंल. तुमच्या कॉइलीला फेरे किती?"

"सहाशे. गणितानं काढलेत."

"गनित बराबर असंल. पट्टी जड हाय तुमची, ती उचलायला जोर पुरत न्हाई. साडेसातशे भरू का?"

विजयमालानं वही उघडून पुन्हा आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. रतनबाईनं वाट पाहिली नाही. तिनं पेटीतली एक कॉइल सोडली, फर्म्यावर चढवली आणि बारीक तार लावली. विजयमालाचं गणित होऊन तिनं मान वर केली तेव्हा रतनबाईचे चारशे फेरे झाले होते.

"सातशे तीस येतायत," विजयमाला म्हणाली.

"बरं, सातशे तीस," रतनबाई म्हणाली आणि सातशे तिसाव्या फेऱ्याला तार तोडली. दुसरी कॉइलही तशीच भरली.

मिस्त्रीनं फ्यूज पुन्हा उपटला. मोटार जेमतेम गुरगुरली आणि पेटी वाजली. दोनपर्यंतही मोजून झालं नव्हतं. रतनबाईनं पुन्हा मोटारीवर हात ठेवला, जरा वेळ ठेवला, आणि विजयमालाचा हात धरून तिथंच टेकवला. मोटार गार होती. मग विजयमाला म्हणाली, "दहा पेट्या लागतील पहिल्यांदा. वीस कॉइली. भराल?"

"तार आनली का?"

तार जीपमध्ये होती. मी आणि मिस्त्री उतरवायला गेलो.